छी मिस्त्री आणि थोरली

धक्क्यावरचे लोक माझ्या भावाला 'छी मिस्त्री' म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण त्याला ठाऊक आहे आणि त्याला त्याचं काही वाटतही नाही. जुन्या लाकडी मोटारबोटी घरी आणून दुरुस्त करायच्या, हा त्याचा धंदा. कुणी ट्रेलरवर होडी घालून आमच्या दारात आणली, की हा आधी तिच्याभोवती एक चक्कर मारतो, मग वाकून तिच्या पोटात नाक खुपसतो आणि डोकं वर काढून म्हणतो, "छी!" मालक बिचारा आजोबांच्या आठवणी सांगायच्या तयारीनं आलेला असतो. त्याचं तोंड एवढंसं होतं.

मी त्याची धाकटी बहीण. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते, त्यामुळे नाकाला वासांची सवय आहे. तरी सांगते, आमचं घर माणसानं राहावं असं नाही. पुढे दोन खोल्या, मग स्वयंपाकघर आणि त्याला चिकटून मागे पत्र्याची शेड. मधलं दार कधी नीट लागत नाही. दादानं शेडमध्ये जवसाचं तेल तापवलं की माझ्या चहाला तो वास. त्यानं एखाद्या होडीच्या तळातलं काळं पाणी उपसलं की माझी अन्नावरची वासना उडते. टॉवेलात भुसा, उशीत भुसा, मिठाच्या बरणीत एकदा तांब्याचा खिळा सापडला. मी बोंब मारली तर म्हणाला, "बरं झालं, शोधतच होतो."

किळस हीच दादाची विद्या आहे. रंगाखाली कुजलेलं लाकूड तो नुसत्या वासावर ओळखतो. पण हे नाक तो शेडमध्ये ठेवून येत नाही ना! हॉटेलातला ग्लास, शेजाऱ्यांचे पडदे, माझी नवी चादर, सगळ्यांना नाक मुरडतो. लग्न केलं नाही. एकदा जमत आलं होतं, तर हा त्या लोकांच्या घरी जाऊन दाराच्या चौकटीकडेच बघत बसला. परत येताना म्हणाला, "चौकटीला वाळवी लागलीय आणि वरून तीन हात रंग मारलाय. असली माणसं आणखी काय काय झाकत असतील!" संपला विषय. मुलगी चांगली होती, चौकटीपायी गेली.

गिऱ्हाइकांबद्दल तर विचारूच नका. एक गृहस्थ आले होते, त्यांना होडी मधोमध कापून उभी करून हवी होती. दिवाणखान्यात बाटल्या ठेवायला. दादा त्यांच्याकडे असा बघत राहिला, जणू त्यांनी त्याच्याच आईला उभं कापायला सांगितलं होतं. दुसऱ्या एका बाईंना होडी आरशासारखी चमकवून हवी होती, पाण्यात मात्र उतरवायची नव्हती. फोटोसाठी. त्या गेल्यावर दादानं त्या बसल्या होत्या ती खुर्ची पुसून घेतली. मी हसले, पण खरं सांगायचं तर मलाही किळस आली होती.

सगळ्या जगात फक्त एका माणसाच्या कामाला दादानं कधी 'छी' म्हटलं नव्हतं. आमच्या वडिलांच्या, आबांच्या.

आबांनी आयुष्यभर होड्या बांधल्या. आता डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही. दिवसभर शेडच्या दाराशी वेताच्या खुर्चीत बसतात आणि रंध्याच्या आवाजावरून दादाला सांगतात, "दाबतोयस जास्त." त्यांच्या उजव्या अंगठ्याचं टोक तरुणपणीच करवतीनं गेलं. पुढून सपाट, बोथट अंगठा. आमच्या घरातल्या खिडक्यांच्या काचा आबांनीच पुटीननं बसवल्यात, आणि प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात त्या बोथट अंगठ्याचा ठसा आहे. शेवटचा दाब द्यायची त्यांची सवय. खिडक्या पुसताना लहानपणी मी माझा अंगठा त्या खळग्यात ठेवून बघायची.

पण पुटीन खिडकीला, होडीला नाही. हे आबांनी आम्हाला दूध पाजावं तसं पाजलं. लाकूड पाणी पिऊन फुगतं, उन्हात आकसतं. पुटीन ना फुगतं, ना आकसतं. कुजलेला भाग खरवडून त्यात पुटीन भरलं, वर रंग मारला, की होडी नवीकोरी दिसते आणि एक दिवस भर पाण्यात तो गोळा गुपचूप निघून पडतो. "होडीत पुटीन भरणारा माणूस दुसऱ्याच्या ताटात विष कालवेल," असं आबा म्हणायचे. दादा लहान असताना त्याच्या हातात होडीजवळ पुटीनचा गोळा दिसला, तर त्याच्या कानाखाली असा आवाज काढला होता की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

आता मधल्याबद्दल सांगायला हवं.

दादा आणि मी यांच्यामधला भाऊ म्हणून तो मधला. आबांनी बांधलेली सगळ्यात मोठी मोटारबोट आमच्या घरचीच होती, तिला आम्ही 'थोरली' म्हणायचो. मधला ती चालवायचा. या काठावरून त्या काठावर माणसं न्यायची, आणायची. मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. एका हंगामाच्या सुरुवातीलाच थोरली मध्यावर बुडाली. माणसं सगळी वाचली, मधल्यानंच एकेकाला ओढून काढलं. पण ओला होऊन घरी आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पाणी खालून आलं."

आबा म्हणाले, "माझ्या होडीत खालून पाणी येत नाही."

थोरली वर काढली तेव्हा आबांनी तिला एकट्यानं पाहिलं. शेडबाहेर येऊन सांगितलं, खडकावर घातलीय, फळी फुटलीय. आणि लागलीच ती लांबच्या कुणाला तरी विकून टाकली. म्हणे, डोळ्यांसमोर नको. मग हळूहळू धक्क्यावर कुजबुज सुरू झाली की मधला प्यायलेला होता. ती कुजबुज कुठून निघाली ते आम्ही कधी विचारलं नाही. मधला प्यायचा नाही. पण आबांनी कुणाला नाही म्हटलं नाही, आणि मधल्याचं सामान दाराबाहेर ठेवलं. "ज्यानं थोरली बुडवली त्यानं या घरात पाऊल टाकायचं नाही."

त्यानंही पाऊल टाकलं नाही. दूर एका शहरात शीतगृहात कामाला लागला, पाण्यापासून लांब. आई गेली तेव्हा आला होता, पण समोरच्या वळणावर उभा राहिला, आत आला नाही. मी त्याला पाणी नेऊन दिलं. दादा आबांच्या शेजारी उभा होता, त्यानं तिकडे मान वळवली नाही. वाफवलेली फळी गरम असतानाच वाकवून बसवायची असते, त्याला दोन माणसं लागतात. दोघं भाऊ मिळून ते काम करायचे. मधला गेल्यापासून दादा फळीचं एक टोक शिकंज्यात अडकवतो आणि दुसऱ्या टोकाशी एकटाच झटतो. माणूस ठेव म्हटलं की म्हणतो, "मला कुणाचा हात चालत नाही."

आणि मग यंदा थोरली सापडली.

एका माणसानं दादाला फोन करून सांगितलं की त्यानं घेतलेल्या जुन्या घराच्या मागे एक मोठी होडी पडलीय, फुकट घेऊन जा, पण लवकर. दादा बघायला गेला आणि परत आला तो ट्रेलर घेऊनच. मी दार उघडलं आणि तोंडावर ओढणी धरली. थोरलीत कोंबड्या पाळल्या होत्या! तळात वीतभर घाण साचून दगड झाली होती. कोपऱ्यात उंदरांचं घरटं, त्यात एक वाळलेला उंदीर, इंजिनाच्या जागी सडका पाला, आणि त्या सगळ्यावर न्हाणीघराच्या भिंतीला मारतात तसला निळा रंग. दादा तिच्या कडेवर हात ठेवून उभा होता. नाक मुरडलं नाही, 'छी' म्हटलं नाही. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

आबांना आत आणलं. त्यांनी थोरलीच्या कडेवरून हात फिरवत नेला आणि तिच्या पुढच्या टोकाशी येऊन थांबले. "मी आहे तोवर हिला पाण्यात घाल," ते म्हणाले. "एकदा बसव मला."

मी तेव्हाच तिथे उभ्या उभ्या म्हटलं, "मग त्या दिवशी मधल्याला बोलवायचं."

"तो या घरात येणार नाही," आबा म्हणाले. "माझ्या मौतीलासुद्धा नाही."

"होडी परत आली, तो का नाही?"

"होडीनं काही केलं नव्हतं."

मी रागानं आत गेले आणि भांडी आपटली. आपटून काय होतंय? पण मी मनाशी ठरवलं होतं, की आबा जिवंत असताना मधला या उंबऱ्याच्या आत आला पाहिजे. मेल्यावर मग कुणासाठी यायचं त्यानं?

दादा थोरलीच्या मागे लागला. दुसरी कामं बाजूला. ती घाण त्यानं स्वतः फावड्यानं काढली, मला हातही लावू दिला नाही, मी कशाला लावते म्हणा. रंगाचे थर खरवडताना निळ्याखाली पिवळा निघाला, पिवळ्याखाली हिरवा. प्रत्येक थराला दादा त्या त्या अनोळखी मालकाचा उद्धार करायचा. घरभर रंगाचे पापुद्रे. माझ्या केसांत सुद्धा. आबा खुर्चीतून विचारायचे, "लाकूड कसं आहे?" आणि दादा अभिमानानं सांगायचा, "तुमचं लाकूड आहे आबा, ठणठणीत."

मग एका दुपारी शेडमधला आवाज थांबला.

मी दुकानातून जेवायला आले होते. आबा आत झोपले होते. दादा थोरलीखाली पाठीवर आडवा पडला होता, पाय तेवढे बाहेर. मी हाक मारली, ओ दिली नाही. वाकून बघितलं. तळाशी, कण्याला लागून असलेल्या फळीवर एक गंजका पत्रा ठोकलेला होता, तो त्यानं उचकटला होता. खाली भोक होतं, वीतभर लांब. मला वाटलं, खडकाचं ते हेच.

"बघ," दादा म्हणाला.

"काय बघू? फुटलंय."

"फुटलेलं नाही. खडक लागला की लाकूड चिरतं, आत ढकललं जातं. ही कड गुळगुळीत आहे. पटाशीनं कोरलेली." त्यानं दिवा सरकवला. भोकाच्या एका टोकाला काहीतरी पांढुरकं चिकटून राहिलं होतं, हाडासारखं टणक. त्याच्या शेवटाला, कोपऱ्यात, एक सपाट बोथट खळगा.

मी माझा अंगठा त्यात ठेवला नाही. ठेवायची गरज नव्हती. दर आठवड्याला खिडक्या पुसणारी मी, मला तो अंगठा ओळखायला दिवा लागत नाही.

कोंबड्यांच्या घाणीनं आली नव्हती तेवढी शिसारी मला त्या पांढऱ्या गोळ्यानं आली. होडी वर काढल्यावर एकट्यानंच पाहिली होती ती याच्यासाठी. लगेच विकली ती याच्यासाठी. वाढून घेतलेलं जेवण मी तसंच मोरीत ओतलं. दादा बाहेर आला, नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, पुन्हा साबण लावला. मला वाटलं आता तरी 'छी' म्हणेल. म्हणाला नाही.

आबा उठल्यावर त्यानं त्यांना हाताला धरून शेडमध्ये आणलं. फळीचा तो तुकडा त्यानं कापून काढला होता. खुर्चीत बसवून तो त्यांच्या मांडीवर ठेवला. आबांनी चाचपलं. लाकूड ओळखलं, कड ओळखली, मग बोटं त्या टणक गोळ्यावर आली. अंगठा सरकत सरकत कोपऱ्यात गेला आणि त्या खळग्यात बसला. तिथेच राहिला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटत होतं, आता रडतील, आता काहीतरी म्हणतील, पोराचं नाव घेतील. मी तर माफ करायच्या तयारीत सुद्धा होते, खोटं कशाला सांगू.

आबांनी अंगठा उचलला. "बुजव," ते म्हणाले. "त्यावर फडकं लाव आणि रंग मार. आत वाकून कोण बघतंय?"

दादा त्यांच्यासमोर उकिडवा बसला होता. तो उठला. तुकडा त्यांच्या मांडीवरून उचलून घेतला.

"छी," तो म्हणाला.

ओरडून नाही. गिऱ्हाइकाला म्हणतो तसंही नाही. जेमतेम ऐकू आलं. पण आबांना कान आहेत. त्यांची मान खाली गेली आणि मग ते खुर्चीच्या वेताशी चाळा करत बसले. जन्मभर ज्याच्या हाताची पूजा केली त्याला असं म्हणताना दादाचा चेहरा कसा झाला होता, ते मला सांगता येणार नाही.

मी मधल्याचा नंबर लावून फोन दादाच्या हातात दिला. नको म्हणेल वाटलं होतं. त्यानं घेतला, आवाज मोठा केला. मागे शीतगृहाच्या पंख्यांची घरघर येत होती. इतक्या वर्षांनी भावाशी बोलताना माणूस कसा आहेस म्हणून विचारेल. दादा म्हणाला, "पाणी खालूनच आलं होतं."

मग मधला म्हणाला, "हो."

"पुटीन होतं."

"माहीत आहे. मीच मळून दिलं होतं."

मी फोन ओढून घेतला. "तू? तुला माहीत होतं? मग तोंडात काय मूग धरून बसलास तेव्हा?"

"ती फळी बदलायची तर अख्खा तळ उघडावा लागला असता," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याचा मला जास्त राग आला. "हंगाम तोंडावर आला होता. आबा म्हणाले, एवढा हंगाम निघू दे, मग करू. खडूची पूड आणि तेल मी कालवलं, त्यांनी भरलं."

"आणि ते सगळ्यांसमोर तुझ्यावर खापर फोडत होते तेव्हा सांगता आलं नाही?"

"सांगून? होडीत पुटीन भरतात म्हटल्यावर आबांच्या दारात कुणी होडी आणली असती? दादाचा हात नुकता बसत होता, त्याला त्यांच्याच नावावर कामं मिळत होती. तुझी शाळा चालू होती. पाणी खालून आलं, एवढं मी बोललो. पुढचं आबांनी बोलायचं होतं."

"ते नाही बोलले."

"हो ना. मी रोज समोर दिसलो असतो तर त्यांना जेवण गेलं नसतं. म्हणून तर घालवलं मला."

ज्या शाळेचा मी आयुष्यभर तोरा मिरवला, त्या शाळेला पण आता पुटीनचा वास येत होता. दादानं माझ्या हातातून फोन घेतला. "फळी वाफवायला ठेवतोय," तो म्हणाला. "वाकवायला माणूस पाहिजे."

"शिकंजा आहे ना तुझा?"

"नाही जमत मला एकट्याला," दादा म्हणाला. हे मी त्याच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकलं. "कधीच नीट जमलं नाही. ये तू."

मग मधला म्हणाला, "निघतो."

जेवायच्या वेळी मी आबांचं ताट घेऊन गेले. खोलीतल्या खिडकीच्या काचेत कोपऱ्यात तो ठसा, ताटाच्या कडेला तोच अंगठा. मी खिडकीकडे पाठ करून बसले. आबा मुकाट जेवत होते. दोन घास झाल्यावर त्यांनी विचारलं, "बुजवलं का त्यानं?"

"नाही," मी म्हटलं. "उरलेली फळी पण उपटली. मधला येतोय. नवी फळी दोघं मिळून बसवणार आहेत. या घरात राहून."

चघळणं थांबलं. मी वाट बघत होते. ओरडा, म्हटलं मनात, ताट फेका, खुर्चीतून उठा, काहीतरी करा म्हणजे मलाही काहीतरी करता येईल. आबांनी घास गिळला. त्या बोथट अंगठ्यानं ताटाची कड निपटून घेतली, अंगठा चाटला आणि ताट चाचपत माझ्याकडे सरकवलं.

"अजून थोडं वाढ," ते म्हणाले.

मला शिसारी आली. मी वाढलं.